माकडाला काकडी, माणसाला चौथी सीट

बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकीची जागा कोणाची, या प्रश्नावरून जेवढी डोकी तापली आहेत तेवढी घरच्या वाटणीवरूनही तापली नसतील. गाडी मुंबईहून येते, बदलापूरला रिकामी होते आणि तीच उलटी फिरून सीएसएमटीला निघते. रिकामी होते ती टाइमटेबलात. प्रत्यक्षात तिच्यात अंबरनाथहून, उल्हासनगरहून, क्वचित विठ्ठलवाडीहूनही ‘रिटर्न’ आलेली मंडळी ऐसपैस बसलेली असतात. ज्यांना मुंबईला जायचंय ते आधी कर्जतच्या दिशेने उलटे येतात, आणि मग आमच्याच फलाटावरून, आमच्या डोळ्यांदेखत, खिडकीतला वारा खात मुंबईला जातात. बदलापूरकराचं म्हणणं, गाडी आमची. रिटर्नवाल्याचं म्हणणं, जागा माझी. पास दोघांकडेही असतो. रिटर्नवाल्याचा पास नेमका कुठपर्यंतचा आहे, ही शंका बदलापूरकर मोठ्याने व्यक्त करतो, पण टीसी त्या वेळी गाडीत नसतो. टीसी हा प्राणी आपल्याला हवा तेव्हा कधीच दिसत नाही.

या भांडणाचा उलगडा मला ऑक्सफर्डजवळच्या वायथमच्या रानात सापडला. मी तिकडे गेलो नव्हतो, निक डेव्हिस नावाचा संशोधक गेला होता. त्या रानात दाट झाडीतून जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात, आणि एकेका कवडशावर एकेक नर फुलपाखरू मादीची वाट बघत ठाण मांडून बसतं. दुसरा नर आला की दोघं गिरक्या घेत वर जातात आणि तीन-चार सेकंदांत पाहुणा काढता पाय घेतो. दरवेळी पाहुणाच. डेव्हिसने बसलेल्याला जाळीत धरलं, नव्याला त्या जागी बसू दिलं, आणि मग जुन्याला सोडलं. जुना आला, दोन गिरक्या मारल्या आणि मुकाट निघून गेला. थोड्या वेळापूर्वीची मालकी त्याने कुठे काढली नाही, ‘मी वीस वर्षं या गाडीने येतोय’ असंही म्हणाला नाही. मग डेव्हिसने खोडी केली. एकाच कवडशावर दोघांना, एकमेकांच्या नकळत, बसू दिलं. आता दोघेही मालक. त्यांची गाठ पडली तेव्हा भांडण नेहमीच्या सुमारे दहापट लांबलं. हे १९७८ साली छापून आलं. ते वाचताना मला त्या फुलपाखरांच्या खांद्याला सॅक आणि गळ्यात ओळखपत्र दिसायला लागलं.

याचं गणित जॉन मेनार्ड स्मिथ यांनी आधीच मांडून ठेवलं होतं. प्रत्येक जागेसाठी जीव तोडून लढणारा शेवटी जखमी होतो, आणि प्रत्येक वेळी माघार घेणारा उपाशी राहतो. या दोघांपेक्षा ‘बसलेला असशील तर लढ, नंतर आलेला असशील तर निघ’ एवढा एकच नियम पाळणारा सुखी. आपण सीटवर टाकतो तो रुमाल हा या नियमाचा सरकारी शिक्का. रुमालाची किंमत वीस रुपये, सीटची किंमत दीड तासाची कंबर, तरीही रुमाल दिसला की धट्टाकट्टा माणूस पुढच्या बाकाकडे वळतो. हा निर्णय तो विचार करून घेत नाही. त्याच्या आत एक जुनं जनावर बसलेलं आहे, ते घेतं. माणूस फक्त खाली सही करतो, आणि कोणी विचारलंच तर नंतर कारणं जमवतो.

पुढे १९९८ साली दोन संशोधकांनी डेव्हिसच्या निष्कर्षात बिब्बा घातला. त्यांचं म्हणणं, बसलेला जिंकतो तो मालक म्हणून नव्हे. उन्हात बसल्याने त्याचं अंग तापलेलं असतं आणि गरम स्नायू जोरात उडतात, म्हणून जिंकतो. शास्त्रज्ञांचं काय ते शास्त्रज्ञ बघून घेतील, पण आमच्या डब्यात हा गरम बुडाचा सिद्धांत केव्हाच सिद्ध झालेला आहे. एकदा बूड टेकून तापलं की माणसाला उठवणं फलाटावरच्या कोणाच्याही बापाला शक्य नाही. आपल्या पुण्याचे मिलिंद वाटवे तर आणखी पुढे गेले. अंगाने झुंजणारं जगणं सुटून माणूस बोलून कामं काढायला लागला, याचा मधुमेहाशी संबंध असावा, असं त्यांनी पुस्तक लिहून मांडलं आहे. मी ही गोष्ट डब्यातल्या एका मधुमेही काकांना सांगितली. तेव्हापासून ते रिटर्नवाल्यांशी होणारं भांडण गोळीसारखं सकाळी उपाशीपोटी घेतात.

चौथ्या सीटचं प्रकरण मात्र निराळं. तीन माणसांच्या बाकावर चौथा अर्ध्या मांडीने टेकतो, त्याचा एक पाय पॅसेजमध्ये आणि अर्ध्या सीटवर नजर. ‘जरा सरकता का’ या तीन शब्दांवर तिघं अनोळखी माणसं अंग चोरतात. रॉबर्ट ट्रिव्हर्सने १९७१ साली लिहिलं की आज मी तुला, उद्या तू मला, हा व्यवहार निसर्गात टिकतो तो एकाच अटीवर: तीच तीच तोंडं पुन्हा पुन्हा भेटली पाहिजेत. रक्तपिपासू वटवाघळं उपाशी शेजाऱ्याला आपल्या पोटातलं रक्त ओकून पाजतात ती याच हिशेबाने. आमच्या ग्रुपमध्ये ठाण्याला बसलेले उठतात आणि उभे असलेले बसतात. रक्त ओकावं लागत नाही, पण ठाण्याला ज्याची झोप लागते त्याची नोंद सगळ्यांच्या डोक्यात होते. बायकोच्या वाढदिवसाची तारीख विसरणारा माणूस, गेल्या गणपतीच्या आधी कोण ठाण्याला उठला नव्हता हे बिनचूक सांगतो.

संध्याकाळच्या गाडीत आणखी एक गंमत. ठाणं गेलं की डोंबिवलीवाले दारात थडकतात. मधे, दोन बाकांच्या ओळीत, माणूस हात पसरून उभा राहील एवढी जागा, आणि दारात मात्र माणसावर माणूस. ‘डोंबिवली? पुढचे उतरणार का?’ पुढचा हो म्हणतो. मग हा त्याच्याही पुढच्याला विचारतो. रँडॉल्फ नेस या डॉक्टरांनी याला धुराच्या भोंग्याचं तत्त्व म्हटलं आहे. आग नसताना भोंगा दहा वेळा बोंबलला तरी परवडतं, आग असताना एकदाच गप्प राहिला तर परवडत नाही. झुडूप हललं की पळणारे आपले पूर्वज नव्व्याण्णव वेळा वाऱ्याला घाबरून पळाले. शंभराव्या वेळी न पळणारे कोणाचेच पूर्वज झाले नाहीत. आता झुडपाच्या जागी डोंबिवली आहे, एवढंच.

फलाटावर तर हे रोजचं. उद्घोषणा होते, तिच्यातलं ‘कृपया’ तेवढं कळतं आणि पुढचं भोंग्यातच राहतं. इतक्यात एक माणूस पुलाकडे धावत सुटतो. त्याच्यामागे दोघं, त्यांच्यामागे अख्खा फलाट. जंगलात वानर खाकरलं की चितळं पळतात. वाघ दिसलाय का, हे विचारायला कोणी थांबत नाही. पुलावर धापा टाकत मी शेजाऱ्याला विचारलं, ‘कुठली लागली?’ तो म्हणाला, ‘माहीत नाही, तुम्ही का धावताय?’ सगळ्यात पुढच्या माणसाला आम्ही गाठलं तेव्हा तो शांतपणे डबा धूत होता. पाणपोई पलीकडच्या फलाटावर होती.

आता उल्हासनगर. इथे आतल्या जुन्या जनावराच्या निर्णयांची खरी विद्यापीठं आहेत, आणि ती तयार कपड्यांची आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव दिलं. बराकी गेल्या, आकडे राहिले. अजूनही पत्ता सांगितला की समोरचा विचारतो, ‘कॅम्प तीन की चार?’ याच गावाने ‘मेड इन यूएसए’ची फोड ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ अशी करून अर्ध्या महाराष्ट्राला हसवलं आणि त्याच वेळी कपडेही घातले. आमच्याकडे लग्न ठरलं की बस्ता बांधायला दादरऐवजी गजानन मार्केटला जाणारी घरं पुष्कळ.

हिच्याबरोबर तिथे जाणं म्हणजे एरिक चार्नोव्हचं १९७६चं सूत्र पायी चालणं. पक्ष्याने एका झाडावरचे किडे वेचताना तिथे किती वेळ थांबावं आणि दुसऱ्या झाडावर कधी जावं, याचं ते सूत्र. पुढचं झाड लांब असेल तर आहे तिथेच नीट पोट भरावं. जवळ असेल तर वेग जरा मंदावताच उडावं. गजानन मार्केटात पुढचं झाड चार पावलांवर असतं. म्हणून ही एका दुकानात फार तर तीन पिसं उलगडायला लावते आणि उठते. दुकानदार ‘भाभी, देखने का पैसा नहीं’ म्हणतो, त्याला चार्नोव्ह माहीत नसला तरी उठणारं गिऱ्हाईक नेमकं किती वेळात उठतं हे माहीत असतं. तेवढ्यात चहा येतो. चहा आला की पुढचं झाड आपोआप पाच मिनिटं लांब जातं.

मी मात्र हर्बर्ट सायमनचा माणूस. माणसाजवळ वेळ थोडा, माहिती अर्धवट आणि डोकं बेताचं, त्यामुळे तो सर्वोत्तम शोधत नाही, पुरेसं बरं दिसलं की थांबतो, असं सायमननी १९५०च्या दशकात लिहिलं आणि १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी पहिल्या दुकानातला पहिला शर्ट घेतो. नोबेल जाऊ द्या, याबद्दल मला घरी जे मिळतं ते इथे लिहिता येत नाही.

भावाची घासाघीस हा पुढचा तास. सलवार-सूटचा भाव बाराशे. ही म्हणते पाचशे. दुकानदार छातीवर हात ठेवून सांगतो, ‘भाभी, बोहनी का टाइम है, झूठ नहीं बोलूँगा,’ आणि साडेसातशेला सौदा होतो. वेळ दुपारी साडेचारची. समोरच्या दुकानात त्याच मालावर ‘फिक्स रेट ७००’ अशी पाटी असते आणि तिथे माशीसुद्धा नसते. पन्नास रुपये जास्त देऊन ही आनंदात बाहेर येते, कारण तिच्या हिशेबात साडेचारशे वाचलेले असतात.

हसू नका. येल विद्यापीठात कीथ चेन आणि लॉरी सँटोस यांनी कॅपुचिन जातीच्या माकडांना धातूच्या चकत्या देऊन बाजारहाट शिकवला. एक विक्रेता सफरचंदाचा एक तुकडा दाखवायचा आणि निम्म्या वेळा वर एक फुकट द्यायचा. दुसरा दोन तुकडे दाखवायचा आणि निम्म्या वेळा त्यातला एक काढून घ्यायचा. सरासरी दोघांकडे दीडच तुकडा. माकडं बहुतेक वेळा पहिल्याकडे जायची. हातातलं गेल्याचं दुःख मिळाल्याच्या आनंदाहून मोठं असतं, हे कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ साली माणसांबद्दल सांगितलं होतं. २००६ साली ते माकडांतही निघालं. आपल्या आणि त्यांच्या घराण्यांची वाटणी होऊन साडेतीन कोटी वर्षं तरी झाली असतील. म्हणजे ही सवय गजानन मार्केटच्या बरीच आधीची. फिक्स रेटवाला प्रामाणिक आहे, पण कॅपुचिनच्या बाजारातही तो बसला असता तर माशा मारत बसला असता.

खरी गंमत घरी आल्यावर. शेजारच्या काकू सूट बघून म्हणतात, ‘छान आहे गं, माझ्या भाचीने परवाच घेतला, साडेसहाशेला.’ झालं. दुपारपर्यंत सुंदर असलेला सूट संध्याकाळी कपाटाच्या तळाला जातो. कापड तेच, रंग तोच, शिवणही तीच. २००३ साली सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स दि वाल यांनी दोन माकडांना शेजारी बसवून एकच काम दिलं आणि मजुरी म्हणून दोघांना काकडी दिली. दोघं मजेत खात होती. मग एकीला द्राक्ष द्यायला लागले. दुसरीने तोवर आवडीने खाल्लेली काकडी नाकारली. पुढे या प्रयोगाचं चित्रीकरण गाजलं, त्यात तर ते माकड काकडी संशोधिकेच्या अंगावर भिरकावतं. आमचा तो सूट ही काकडी आहे. तो अजून कपाटात आहे, आणि काकूंच्या भाचीचं द्राक्ष मी एका लग्नात पाहिलं. माझ्या दृष्टीने दोन्ही भाज्या एकच होत्या, पण हे मी बोललो नाही.

बाजारातून बाहेर पडलं की मला नेहमी एक जुना प्रश्न पडतो. उल्हासनगर आणि अंबरनाथ ही गावं एकमेकांना चिकटलेली. मग अंबरनाथचा मुलगा बारावी झाला की बाप त्याला ‘एखादी पर्मनंट बघ’ का म्हणतो, आणि उल्हासनगरचा मुलगा त्याच वयात शिलाईची चार यंत्रं उधारीवर आणून जीन्सचा कारखाना का टाकतो? लोक याला रक्त म्हणतात. मला कॅराको आणि त्यांच्या साथीदारांचे १९८० सालचे पक्षी जास्त पटतात. पिवळ्या डोळ्यांचे जुंको, आकार आपल्या चिमणीएवढा. त्यांच्यापुढे दोन वाट्या. एकीत ठरलेले दाणे, हमखास. दुसरीत कधी दुप्पट, कधी काहीच नाही. पोट भरत होतं तोवर पक्षी ठरलेल्या वाटीकडे गेले. मग त्यांना इतकं उपाशी ठेवलं की ठरलेल्या वाटीने दिवस निभणार नव्हता. तेव्हा तेच पक्षी दुसऱ्या वाटीवर बसले. जात बदलली नाही, स्वभाव बदलला नाही, फक्त ठरलेले दाणे पुरेनासे झाले.

घरदार, जमीन, दुकान सगळं सरहद्दीपलीकडे टाकून बराकीत उतरलेल्या माणसापुढे ठरलेली वाटी होती कुठे? त्याने पापड लाटले, गाडीत गोळ्या-बिस्किटं विकली, उधारीवर कापड आणलं. दुसरी वाटी. आणि अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, विम्कोच्या काडेपेटी कारखान्यात भोंग्यावर जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला दाणे मोजून मिळत होते. त्याने उगाच उडी का मारावी? विम्को बंद झाली, तरी अंबरनाथच्या स्थळाची चौकशी अजून ‘पर्मनंट आहे का’ इथूनच सुरू होते. वाटी गेली, चोच तिथेच मारायची सवय राहिली.

इथे जरा स्वतःचा कान धरतो. उत्क्रांतीने उलगडा करण्याची एक नशा असते. चढली की नवरा घोरतो का, सासू टोमणे का मारते, इथपासून सगळं गुहेतल्या माणसावर ढकलता येतं. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७९ सालीच बजावलं होतं की प्रत्येक गोष्टीला उपयोग चिकटवत सुटू नका, काही गोष्टी दुसऱ्या कशाच्या तरी ओघात नुसत्या घडलेल्या असतात. जे झालं ते ग्रहांमुळेच झालं असं सांगणारा ज्योतिषी कधी चुकत नाही, आणि म्हणूनच त्याचा उपयोग नसतो. तेव्हा फुलपाखरू, माकड आणि जुंको यांच्यावर कोणीतरी प्रयोग करून पाहिले आहेत, त्यांच्यावर माझी भिस्त. सासूवर प्रयोग अजून कोणी केलेला नाही.

फ्लॅटचा मामला मात्र जे ॲपल्टनला विचारल्याशिवाय सुटत नाही. हा इंग्लंडमधला भूगोलाचा प्राध्यापक. त्याने १९७५ साली मांडलं की माणसाला जागा आवडते ती अशी, जिथून लांबवर दिसतं पण आपण कोणाला सहज दिसत नाही. समोर उतार, खाली पाणी, पाठीशी आडोसा. शिकार दिसावी आणि आपण शिकार होऊ नये. बदलापुरातल्या कुठल्याही बांधकामाचं माहितीपत्रक काढा: मागे चंदेरीचा सुळका, पुढे उल्हास नदी, बाल्कनीत वेताची खुर्ची. ॲपल्टन वाचला नाही असा बिल्डर नाही, फक्त तो ‘फ्लोअर राइज’च्या दरात वाचतो. जेवढं उंच तेवढं महाग, आणि वर लिफ्ट बंद पडली की पहिल्या मजल्यावरचा शेजारी सगळ्यात सुखी. तरी पहिला मजला कोणी मागत नाही. बिबट्या येईल ना.

साइट बघायला माणसं रविवारी येतात आणि बहुधा उन्हाळ्यात येतात. तेव्हा उल्हास गुडघाभर असते, काठावर बगळे असतात. २६ जुलै २००५ला हीच नदी हेंद्रेपाड्याकडे, रमेशवाडीकडे घरांत शिरली होती. २०१९ला पुन्हा त्याच तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली, आणि २७ जुलैला हजाराहून अधिक माणसं बोटींनी काढावी लागली. हे सगळ्यांना माहीत आहे, बुकिंग करणाऱ्यालाही. पण आतल्या जुन्या जनावराला परवाचं कळतं, काही वर्षांपूर्वीचं कळत नाही, आणि एप्रिलमध्ये समोर बगळा दिसत असताना जुलै दिसत नाही. एप्रिलमध्ये नदी बाल्कनीतून बघायची असते. जुलैत ती स्वतः वर बघायला येते.

आणि मग साप. जिथे परवापर्यंत भातखाचरं होती तिथे सोळा मजले उभे राहिले, साप जाणार कुठे? पहिल्या पावसात पार्किंगमध्ये एक धामण निघाली. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, शेतकऱ्याच्या भाषेत घरची. पण क्षणात चाळीस माणसं गोळा झाली. वॉचमन खुर्चीवर, खुर्ची टेबलावर. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी वरूनच खिडक्या बंद केल्या. सेक्रेटरी ‘कोणी पॅनिक होऊ नका’ असं ओरडत दुचाकीवर चढून उभे होते. सर्पमित्र आला, त्याने आकडीने धामण उचलली, बरणीत घातली आणि सगळ्यांना फोटो काढू दिले. तो अर्धा तास सोसायटीत जेवढी एकी होती तेवढी पंधरा ऑगस्टलाही नसते.

सुसान मिनेका यांनी माकडांवर हे तपासून पाहिलं आहे. प्रयोगशाळेत जन्मलेल्या, साप कधी न पाहिलेल्या माकडांना सापाची भीती वाटत नव्हती. मग त्यांना दुसरं माकड सापाला घाबरतंय अशी फिल्म दाखवली. लगेच शिकली. नंतर फिल्म कापून-जोडून तेच माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं. छे! फुलाला भ्यायला एकही शिकलं नाही. मेंदूत सापासाठी खुर्ची आधीच मांडून ठेवलेली असते, फुलासाठी नसते. आणि लोकलसाठी तर नसतेच नसते. या भागात रेल्वे येऊन पावणेदोनशे वर्षंही झाली नाहीत, आणि सापाशी आपलं भांडण लाखो वर्षांचं. त्यामुळे धामण बघून दुचाकीवर चढलेले आमचे सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी सकाळी, पूल पन्नास पावलांवर असताना, बॅग डोक्यावर धरून रूळ ओलांडताना मला दिसले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जीव गमावतात, त्यातली कितीतरी अशीच रुळांवर. मी हाक मारली, ‘अहो, गाडी येतेय!’ ते म्हणाले, ‘माहितेय, आठ-बाराची आहे, अजून लांब आहे.’ साप लांब होता तेव्हा असं म्हणाले नव्हते.

एकेकट्याचं हे असं, तर सगळे मिळून निर्णय नीट घेत असतील, या आशेने मी सोसायटीच्या वार्षिक सभेला जातो. त्याआधी टॉमस सीली यांचं मधमाश्यांवरचं पुस्तक वाचलं होतं, ही मोठी घोडचूक. पोळं सोडून निघालेल्या माश्यांना नवं घर शोधायचं असतं. शोधायला गेलेल्या माश्या परत येऊन नाचतात. जागा जितकी चांगली तितका नाच जास्त वेळ. दुसऱ्या माश्या जाऊन जागा स्वतः बघतात, पटली तर त्याही नाचतात. एखाद्या जागेवर पुरेशा माश्या जमल्या की निर्णय झाला. यातली सगळ्यात शहाणी गोष्ट अशी की प्रत्येक माशीचा नाच खेपेगणिक कमी होत जातो. आपल्या जागेला पाठिंबा मिळो न मिळो, ती थोड्या वेळाने थांबते.

आमच्या सभेत ‘ए’ विंगचे एक आजोबा टाकीच्या गळतीवर बोलायला उठले. ते दरवर्षी उठतात, आणि त्यांचा नाच वर्षागणिक वाढत गेला आहे. टाकी दरम्यान दोनदा बदलली. पार्किंगमध्ये कोणाची गाडी कुठे, यावर दोन फुलपाखरं तासभर गिरक्या घेत होती. पाचव्या मजल्यावरच्यांनी मेंटेनन्स भरणार नाही असं जाहीर केलं, कारण दुसऱ्या मजल्यावरच्यांची थकबाकी माफ झाल्याचं त्यांना त्याच दिवशी कळलं. काकडी भिरकावायची तेवढी बाकी होती, कारण नाश्त्याला समोसे होते. स्टेशनकडे जाताना लोकांनी रूळ ओलांडू नयेत म्हणून पादचारी पुलाला आपल्या बाजूने जिना मागणारं पत्र रेल्वेला द्यावं, असा ठराव मी मांडला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

इतिवृत्त परवा जिन्याखालच्या बोर्डावर लागलं. ठराव क्रमांक सहा: रेल्वेला द्यावयाच्या पत्राचा विषय वेळेअभावी पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात आला. ठराव क्रमांक सात: सर्पमित्राचा फोन नंबर प्रत्येक मजल्यावर लॅमिनेट करून लावण्यात यावा, खर्च सिंकिंग फंडातून. टाळ्यांच्या गजरात, एकमताने मंजूर. सूचक, सेक्रेटरी.